एडिसनमधे छोटं रेस्टॉरंट घेतोय, वेटरला ताशी किती द्यायचं? टिपचं गणित कोणी समजावून सांगेल का

एडिसनचा_आचारी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय इथे, आज पहिल्यांदा लिहितोय. मी आणि बायको मिळून इथे न्यू जर्सीत ओक ट्री रोडच्या जवळ एक ३८ खुर्च्यांचं चालू रेस्टॉरंट घेतोय. मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा, शनिवार-रविवारी पुरणपोळी आणि मटण थाळी असा बेत आहे. दोघांच्या नावावर निम्मं निम्मं, दोघंही ग्रीनकार्डवर, त्यामुळे व्हिसाचं काही विचारू नका, तो भाग झालाय.

माणसं सहा असतील. तीन सर्व्हर म्हणजे वेटर, दोन आचारी, एक भांडीवाला. मी किचन बघणार, बायको काउंटर आणि माणसांच्या पाळ्या लावणं वगैरे. आता अडलंय ते पगारावर. आधीचा मालक सहज बोलता बोलता म्हणाला की सर्व्हरला ताशी २ डॉलर १३ सेंट दिले की झालं, बाकी टिपमधून सुटतं. मला ते ऐकूनच कसंतरी झालं, पण गुगल केलं तर खरंच २.१३ हा आकडा सगळीकडे दिसतो! मग दुसऱ्या पानावर ५ डॉलर काहीतरी, तिसऱ्यावर १५ च्या वर. डोकं गरगरलं.

माझे प्रश्न असे, जमेल तेवढ्याची उत्तरं द्या. एक म्हणजे नक्की किती द्यायचं. दुसरं, काउंटरवर टिपची बरणी ठेवणार आहोत, ती रात्री सगळ्यांत वाटली तर चालेल का, म्हणजे आचारी आणि भांडीवाल्यासकट, कारण मिसळ चांगली झाली म्हणून टिप मिळाली तर त्यात आचाऱ्याचा वाटा नको का? बायकोही दिवसभर उभी असणार, तिचा वाटा? तिसरं, आचाऱ्याला महिन्याला ३,२०० डॉलर उक्ते ठरवलेत, तो खूश आहे, आठवड्याला साधारण ६० तास होतील. चौथं, मोठ्या पार्टीच्या बिलात १८ टक्के सर्व्हिस चार्ज लावायचा विचार आहे. आणि माझा भाचा इथेच मास्टर्स करतोय, तो शनिवार-रविवार फुकट मदत करतो म्हणतो, घरचाच आहे.

---

गल्लामास्तर

मी १४ वर्षं रेस्टॉरंटवाल्यांचं पेरोल करतोय जर्सीत. वकील नाही, पण हे रोजचं आहे. तुमचा प्रश्न वाचून आधी घाम फुटला, मग बरं वाटलं की उघडायच्या आधी विचारताय. बहुतेक लोक नोटीस आल्यावर फोन करतात.

२.१३ विसरा. तो फेडरल आकडा आहे, १९९१ पासून तिथेच थिजलाय. फेडरल किमान वेतन ताशी ७.२५, तेही २००९ च्या जुलैपासून हललेलं नाही. पण राज्याचा दर जास्त असेल तर राज्याचा लागतो, जो कामगाराच्या फायद्याचा तोच. न्यू जर्सीत १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन १५.९२ आहे. टिप मिळणाऱ्याला रोख पगार कमीत कमी ६.०५, आणि उरलेले ९.८७ तुम्ही टिपमधून धरू शकता. ह्या ९.८७ ला टिप क्रेडिट म्हणतात आणि सगळी गोम इथेच आहे.

लोकांना वाटतं टिप क्रेडिट म्हणजे सर्व्हरचा पगार ६.०५. नाही हो. सर्व्हरचा पगार १५.९२ च आहे, फक्त त्यातले ९.८७ पर्यंत गिऱ्हाईकाने दिले तर तुमची तेवढी सुटका होते, आणि गिऱ्हाईकाने नाही दिले तर ते तुम्ही द्यायचे. उदाहरण घ्या. फेब्रुवारीत बर्फ पडलाय, आठवडाभर कुत्रं फिरकलं नाही. सर्व्हरने २० तास भरले, टिप मिळाली ११० डॉलर. तुम्ही रोख दिले ६.०५ गुणिले २० म्हणजे १२१. एकूण २३१. आणि मिळायला हवेत १५.९२ गुणिले २०, म्हणजे ३१८.४०. कमी पडलेले ८७.४० तुमच्या खिशातून, त्याच पगारात. हा हिशोब आठवड्याआठवड्याला करायचा, "मागच्या आठवड्यात दिवाळीची गर्दी होती तेव्हा भरपूर मिळाले की" हे चालत नाही.

छोट्या धंद्याला थोडा कमी दर आहे, १५.२३, पण तो सहापेक्षा कमी माणसं असतील तर. तुमचा भांडीवाला सहावा. :) म्हणजे तुम्ही १५.९२ वाले.

आता आचारी. इथे तुम्ही खरे अडकणार. उक्ता पगार दिला म्हणून ओव्हरटाइम सुटत नाही, आचारी काही मॅनेजर नव्हे. आठवड्याला ४० तासांच्या वर दीडपट. ६० तास धरले तर ४० तासांचे ६३६.८०, वरच्या २० तासांचे २३.८८ दराने ४७७.६०, बेरीज १,११४.४० आठवड्याला, आणि हे नुसत्या किमान दराने. तुमचे ३,२०० म्हणजे आठवड्याला साधारण ७३८ पडतात. म्हणजे दर आठवड्याला पावणेचारशे डॉलर तुम्ही त्याचे देणं लागता आणि तुम्हाला पत्ताही नाही. तो आज खूश आहे हो, पण कायद्याला त्याच्या खुशीशी घेणंदेणं नाही, त्याने सही करून दिलं तरी तो हक्क सोडता येत नाही. इथे २०१९ च्या कायद्यानंतर मागच्या सहा वर्षांचं उकरून काढता येतं, आणि थकलेल्या रकमेवर आणखी दुपटीपर्यंत भरपाई लागू शकते. गुणाकार तुम्हीच करा, मला बघवत नाही.

सर्व्हरच्या ओव्हरटाइमलाही एक खड्डा आहे. लोक ६.०५ ची दीडपट करतात, ९.०८. चूक. पूर्ण १५.९२ ची दीडपट २३.८८, त्यातून ९.८७ वजा, म्हणजे १४.०१. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निम्म्या लोकांचं सॉफ्टवेअरसुद्धा हे चुकीचं लावलेलं असतं.

भाच्याला सांगा, जेवायला ये, काम करू नकोस. नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यात स्वयंसेवक वगैरे प्रकार नसतो, काम केलं की पगार आलाच. आणि तो स्टुडंट व्हिसावर असेल तर पगार घेऊन कॅम्पसबाहेर काम केलं म्हणून त्याचं स्टेटस जाईल. म्हणजे फुकट केलं तर तुम्ही फसलात आणि पैसे घेतले तर तो.

बरणीचं उद्या लिहितो, आत्ता तिमाहीची घाई आहे.

---

परातभर

गल्लामास्तर येईपर्यंत बरणीचं मी सांगते, कारण त्या बरणीनेच माझे दोन वर्षं डोळे भिजवलेत.

एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसामागे आलेली होते, ईएडी म्हणजे कामाचा परवाना आला तेव्हा पहिली नोकरी मिळाली ती सर्व्हरची. गावाचं आणि मालकाचं नाव घेत नाही. आपलाच माणूस, म्हणजे भारतीय, खूप गोड बोलायचा, "बेटा बेटा" करायचा. दिवसाला ६० डॉलर उक्ते, सकाळी साडेदहा ते रात्री दहा, मधे दोन तास "ब्रेक" म्हणायचे पण त्या दोन तासांत समोसे भरायला बसवायचे. टिप रात्री गल्ल्यात एकत्र व्हायची, मालक मोजायचा, आधी एक भाग "हाउसचा", मग किचनचा, मग मॅनेजरचा म्हणजे त्याच्या भावाचा, आणि उरलेल्यात आम्ही चौघी. कार्डवरची टिप तर दिसायचीच नाही. विचारलं की म्हणायचा मशीनचे पैसे कापतात बँकवाले, तुला काय कळतंय.

मला तेव्हा खरंच वाटायचं की टिप ही मालकाने आपल्याला द्यायची गोष्ट आहे. आपल्याकडे कसं, दिवाळीला पोस्त देतात तसं. कायदा नेमका उलटा आहे हे मला एका गिऱ्हाईकाने सांगितलं, एक म्हातारी बाई होती, ती स्वतः ३० वर्षं डायनरमधे काम करून निवृत्त झालेली. टिप ही माझी, ज्या क्षणी गिऱ्हाईकाने ठेवली त्या क्षणी माझी, मालक फक्त सांभाळायला ठेवतो. २०१८ साली फेडरल कायद्यातच घातलंय की मालक, मॅनेजर, सुपरवायझर यांनी कामगाराच्या टिपमधला एक सेंट घ्यायचा नाही, टिप क्रेडिट घेतलं असो वा नसो. म्हणजे "हाउसचा भाग" आणि भावाचा भाग दोन्ही सरळसरळ चोरी.

मी वहीत तास लिहून ठेवायचे, रोजचे, आल्याची वेळ गेल्याची वेळ, एक जुनी डायरी होती टिळक पंचांगासोबत आलेली, तीच. तीच कामाला आली. लेबर डिपार्टमेंटच्या वेज अँड अवर ऑफिसला फोन केला, फुकट असतं, नाव उघड करत नाहीत, आणि मुख्य म्हणजे व्हिसा कोणता आहे यावर मिनिमम वेजचा हक्क ठरत नाही, हे ज्यांच्या कोणाच्या ओळखीत असं कोणी काम करत असेल त्यांना सांगा. वर्ष गेलं त्यात, पण पैसे मिळाले. सगळे नाही, बरेचसे.

तर आचारीदादा, राग मानू नका, पण वहिनींनी बरणीत हात घालायचा नाही. त्या निम्म्या मालकीण आहेत आणि पाळ्याही लावणार, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मॅनेजर झाल्या. त्यांनी एखादं टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने सांभाळलं आणि तिथे कोणी टिप ठेवली तर ती त्यांना ठेवता येते, पण बरणीतला किंवा पूलमधला, म्हणजे एकत्र करून वाटायच्या टिपमधला, वाटा नाही. आपल्याला हे फार विचित्र वाटतं, की ती सगळ्यांत जास्त राबते आणि तिलाच नाही. पण तिचा वाटा नफ्यात आहे ना.

---

ह्यूस्टनकर

आमच्या टेक्सासमधे आजही २.१३ च आहे बरं का, आणि किमान ७.२५. तुमचा आधीचा मालक बहुतेक इकडून आला असणार. :)) पण खरं सांगू का, कागदावर काहीही असो, ७.२५ ला आज कोणी भांडी घासायला येत नाही. माझ्या मित्राचं इथे चाट-कॅफे आहे, तो भांडीवाल्याला १४ देतो आणि तरी तो माणूस महिन्यातून दोनदा गायब असतो.

तुमच्या डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात बघा, तिथे किमान ७.२५ आणि टिपवाल्याला २.८३. म्हणजे पूल ओलांडला की सर्व्हरचा रोख पगार निम्म्याहून कमी. त्यामुळे नेटवर वाचताना कुठल्या राज्याचं वाचतोय ते आधी बघा, अर्धा गोंधळ तिथेच मिटेल.

परातभर ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण एक वेगळं मत मांडतो, चिडू नका. टिप क्रेडिट म्हणजे मालकांचा डाव एवढंच नाही ते. मी कॉलेजात असताना एका स्टेकहाउसमधे सर्व्हर होतो (इथलाच जन्म, व्हिसाचं काही नको), शुक्रवारी रात्री ताशी ३५-४० पडायचे. मला जर कोणी म्हटलं असतं की तुला पूर्ण किमान वेतन देतो पण टिप सगळ्या किचनबरोबर वाटायची, तर मी त्याच रात्री ॲप्रन काढला असता. मॅसॅच्युसेट्समधे नोव्हेंबर २०२४ ला हेच मतदानाला आलं होतं, टिपवाल्यांचा पगार हळूहळू पूर्ण किमान वेतनापर्यंत न्यायचा, आणि लोकांनी ते पाडलं. विरोध करणाऱ्यांत स्वतः सर्व्हर पण होते.

---

परातभर

@ह्यूस्टनकर स्टेकहाउसचा शुक्रवार आणि मिसळीच्या दुकानातला मंगळवार यात फरक आहे हो. १४ डॉलरच्या प्लेटवर तीन डॉलर टिप, त्यात आपली मंडळी, दोघांत एक प्लेट, चार एक्स्ट्रा पाव, दोन तास बसणार आणि टिपच्या रकान्यात रेघ मारून जाणार. मी स्वतः ती रेघ मोजलीये. म्हणजे सगळे तसे नसतात, पण गणित करताना ती रेघ धरा.

---

गल्लामास्तर

आलो. परातभर यांनी बरणीचं बरोबर सांगितलंय, थोडं पुढचं जोडतो.

आचाऱ्याला आणि भांडीवाल्याला टिपमधे वाटा देता येतो का, याचं उत्तर तुम्ही टिप क्रेडिट घेता का यावर आहे. क्रेडिट घेतलंत, म्हणजे सर्व्हरला ६.०५ रोख देताय, तर पूल फक्त ज्यांना गिऱ्हाईकाकडून नेहमी टिप मिळते अशांचाच. सर्व्हर, बसर म्हणजे टेबलं आवरणारा, काउंटरवर वाढणारा. आचारी, भांडीवाला बाहेर. क्रेडिट घेतलंच नाही, सगळ्यांना पूर्ण १५.९२ दिले, तर किचनही पूलमधे येऊ शकतं, हा बदल २०१८ च्या कायद्यातून आला आणि त्याचे नियम २०२१ मधे लागू झाले. मालक-मॅनेजर मात्र दोन्हीकडे बाहेर.

आणि नियम मोडून पूल केला तर नुसता तेवढा वाटा परत द्यावा लागत नाही, टिप क्रेडिटच जाऊ शकतं, म्हणजे त्या सगळ्या काळाचे ताशी ९.८७ डोक्यावर. मागच्या वर्षी एका गिऱ्हाईकाचं बघितलं, आचाऱ्याला बरणीतून रोज दहा-बारा डॉलर द्यायचा, चांगल्या मनाने. त्या दहा-बारा डॉलरपायी तीन सर्व्हरचं दीड वर्षाचं क्रेडिट गेलं.

अजून एक, क्रेडिट घ्यायचं असेल तर सर्व्हरला आधी सांगावं लागतं: रोख किती देणार, टिपमधून किती धरणार, प्रत्यक्ष मिळालेल्या टिपपेक्षा जास्त धरणार नाही, पूल सोडून बाकी सगळी टिप तुझीच, आणि हे सांगितल्याशिवाय मला क्रेडिट घेता येत नाही. तोंडी चालतं म्हणतात पण तोंडी सांगितलेलं दोन वर्षांनी कोणाला आठवतंय, कागदावर घ्या, सही घ्या, कामावर ठेवायच्या दिवशीच. तासांची नोंद रोजची ठेवा आणि सहा वर्षं जपा.

कार्डवरच्या टिपबद्दल फेडरल नियम असा की मशीनवाला तीन टक्के घेत असेल तर २० डॉलरच्या टिपमधून ६० सेंट कापू शकता, त्याहून जास्त नाही, आणि त्या कापण्याने सर्व्हर किमान वेतनाखाली जायला नको. मी तर सांगतो कापूच नका, महिन्याचे वीस-तीस डॉलर वाचवायला भांडण कशाला. कार्डची टिप नेहमीच्या पगाराच्या दिवसापर्यंत द्यायचीच, बँकेतून पैसे यायचेत वगैरे सबब नाही.

कोणी बिल न देता पळालं, ग्लास फुटला, गल्ल्यात पाच डॉलर कमी आले, हे सर्व्हरच्या पगारातून कापायचं नाही. टिप क्रेडिटवाला सर्व्हर कायद्याने बरोब्बर किमान वेतनावरच असतो, त्यातून काहीही कापलं की तो खाली गेला. आपल्याकडे कप फुटला की पगारातून, ही सवय इथे महागात पडते.

१८ टक्के सर्व्हिस चार्जचं. तुम्ही बिलात छापून सक्तीने घेतलेला पैसा हा टिप नाही, ते तुमचं उत्पन्न. आयआरएस, म्हणजे इथलं टॅक्स खातंही तेच म्हणतं. तुम्ही तो सर्व्हरला वाटलात तर तो पगार झाला, किमान वेतनात मोजता येतो, पण टिप क्रेडिटसाठी धरता येत नाही आणि ओव्हरटाइमचा दर काढताना तो मिळवावा लागतो. शिवाय गेल्या वर्षीपासून ते टिपवर टॅक्स नाही प्रकरण आलंय ना, २०२५ ते २०२८, वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत टिपची वजावट, ती फक्त गिऱ्हाईकाने स्वखुशीने दिलेल्या टिपला. सक्तीच्या १८ टक्क्यांना नाही. म्हणजे तुमच्या सर्व्हरला पार्टीत १८ टक्क्यांपेक्षा साधी टिप मिळालेली जास्त परवडेल.

त्यावरून आठवलं, बरेच मालक समजून बसलेत की आता टिपवर काहीच भरायचं नाही. चूक! ती सूट कामगाराच्या इन्कम टॅक्सपुरती. सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के त्याचेही आणि तुमचेही, टिपवरसुद्धा, लागतातच. पण तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे जी निम्म्या देशी मालकांना माहीत नसते. टिपवर तुम्ही जे ७.६५ टक्के भरता ते फॉर्म ८८४६ भरून तुमच्या इन्कम टॅक्समधून वजा करून मिळतात. पगाराला ५.१५ पर्यंत पोचवायला लागलेली टिप त्यातून वगळतात, पण इथे रोख पगारच ६.०५ असल्याने तुमची सगळी टिप धरली जाते. तुमच्या सीएला विचारा, त्याला माहीत नसेल तर सीए बदला.

---

कॅम्पातला_हॉटेलवाला

पुण्याहून लिहितोय, १९८९ पासून हॉटेल आहे, वडिलांचं. हे सगळं वाचून हसू येतंय आणि जरा हेवाही वाटतोय.

आमच्याकडे टिप क्रेडिट ही भानगडच नाही. किमान वेतन म्हणजे किमान वेतन, टिप त्याच्या वरची. महाराष्ट्रात ते परिमंडळाप्रमाणे आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल असं, मूळ वेतन अधिक विशेष भत्ता, आणि भत्ता जानेवारी-जुलैला बदलतो. १९४८ च्या कायद्यावर चालायचं, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झालीये. ओव्हरटाइम तुमच्याकडे दीडपट, आमच्याकडे दुप्पट. कागदावर! प्रत्यक्षात किती हॉटेलात ओव्हरटाइमचं रजिस्टर खरं असतं हे मला विचारू नका, मी माझ्यापुरतं सांगतो की आमच्याकडे पोरं राहायला-जेवायला असतात आणि ड्यूटी कधी संपली हे त्यांनाही कळत नाही. बरोबर नाही ते. पण खरं आहे.

टिपचं म्हणाल तर आमच्या इथे पहिल्यापासून पत्र्याचा डबा. कॅप्टनपासून मोरीवाल्यापर्यंत सगळ्यांना, शनिवारी रात्री टेबलं पुसून झाली की मोजायचा. वाटणी पोरंच ठरवतात, मी त्या वेळी हॉटेलात थांबतच नाही, वडिलांनी घालून दिलेली पद्धत आहे. आता कळलं की अमेरिकेत हे कायद्यात आहे. :) पण मोरीवाल्याला वाटा द्यायला तिकडे अट घातलीये हे मात्र पटलं नाही. घासलेल्या ताटाशिवाय वाढणार कशात?

सर्व्हिस चार्जचा तमाशा इकडेही झाला. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मधे सांगितलं बिलात आपोआप लावायचा नाही, हॉटेलवाले कोर्टात गेले, मार्च २०२५ मधे दिल्ली हायकोर्टाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला. आम्ही कधी लावलाच नव्हता, उडपी हॉटेलांच्या शेजारी बसून कोण लावेल.

---

सॅनहोजेची_सून

मोरीवाल्याच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. कॅलिफोर्नियात टिप क्रेडिट नाहीच, सगळ्यांना पूर्ण किमान वेतन, १ जानेवारी २०२६ पासून १६.९०, आणि सॅन होजे शहराचं त्याहून जास्त. देशभरात साठ किंवा जास्त शाखा असलेल्या फास्टफूड साखळ्यांना तर एप्रिल २०२४ पासून २० डॉलर. कार्डची फीसुद्धा टिपमधून कापायला इथे बंदी. तरी हॉटेलं चालूच आहेत. हां, डोसा १७ डॉलरला झालाय ही गोष्ट वेगळी, आणि टॅब्लेट फिरवून २५ टक्के टिपचं बटण समोर धरतात ते वेगळंच, नुसतं पार्सल उचलायला गेलं तरी!

एडिसनदादा, पूर्ण पगार द्या, टिप सगळ्यांत वाटा. तुमच्या मनात तेच आहे हे प्रश्नावरूनच दिसतंय.

---

ह्यूस्टनकर

मनात असून काय उपयोग, खिशात पाहिजे ना. तीन सर्व्हर, प्रत्येकी ३० तास धरा. ९० तास गुणिले ९.८७, आठवड्याला ८८८ डॉलर तीस सेंट जास्त. वर्षाला ४६,००० च्या वर. ३८ खुर्च्यांच्या दुकानाला हे कुठून येणार ते पण सांगा.

---

गल्लामास्तर

आकडा बरोबर आहे, पण तो जास्तीत जास्त पडू शकणारा फरक आहे. टिप कमी पडली की त्यातले काही तुम्हाला असेही द्यावेच लागणार होते, फेब्रुवारीचं उदाहरण वर दिलंय. मंगळवार-बुधवारी तुमच्याकडे ताशी ९.८७ टिप पडणारच नाही, मी तुमच्या भागातली दुकानं बघतो ना. आणि पूर्ण पगार दिलात तर दर आठवड्याला टिप पुरली का हा हिशोब, क्रेडिटची नोटीस आणि पूलमधे कोण चालतो कोण नाही ही काळजी संपते. टिपची नोंद मात्र ठेवावी लागणारच, टॅक्ससाठी. मी कोणालाच अमुक करा म्हणत नाही. गर्दीचं, दारू देणारं, ६० डॉलर प्रति माणूस बिलाचं रेस्टॉरंट असतं तर मी स्वतः म्हटलं असतं क्रेडिट घ्या, सर्व्हरही खूश राहतील. मिसळीला ते गणित बसत नाही असं माझं मत.

आचाऱ्याचं मात्र काहीही ठरवलंत तरी आधी निस्तरा. एकतर तास ४५ वर आणा आणि तिसरा अर्धवेळ माणूस घ्या, किंवा ताशी पगारावर घेऊन ओव्हरटाइम द्या. उक्तं नको. आणि पेड सिक लीव्ह विसरू नका, दर ३० तासांमागे एक तास, वर्षाला ४० तासांपर्यंत, अर्धवेळवाल्यालाही.

---

एडिसनचा_आचारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मी आणि बायको दोन वाजेपर्यंत वही घेऊन बसलो होतो. परातभर ताईंचं वाचून ती बराच वेळ गप्पच होती, मग म्हणाली बरणी काउंटरवर नको, आत सर्व्हरच्या बाजूला ठेवू, म्हणजे माझा हात चुकूनही जायला नको.

सध्या असं ठरवलंय. पहिले सहा महिने सगळ्यांना पूर्ण १५.९२, क्रेडिट घ्यायचं नाही, टिप सहाही जणांत. किती तास काम केलं त्या प्रमाणात वाटायची, आणि आठवड्याला वाटणीचा कागद भिंतीवर. पुण्याच्या काकांसारखं मोजायच्या वेळी आम्ही दोघं बाहेर. पार्टीचा १८ टक्के रद्द. आचाऱ्याशी आज बोललो, ताशी १९ वर घेतोय, आठवड्याला ४५ तास, तिसरा माणूस शोधतोय. गंमत म्हणजे त्याला वाटलं मी पगार कमी करतोय, आठवड्याच्या ९०२.५० चा आकडा लिहून दाखवला तेव्हा पटलं, आणि मग म्हणाला की उरलेल्या वेळात मी ऊबर चालवू का. चालव बाबा. भाच्याला कळवलंय, तो म्हणतो मग जेवायला दर शनिवारी येतो, म्हणजे तोटा तिथेही आहेच.

आता फक्त एक अडलंय. मिसळ ११.९९ ला धरली होती, ह्या हिशोबाने १३.४९ करावी लागेल, एक्स्ट्रा पाव १.५०. तर्री मात्र फुकट ठेवायचं म्हणतोय, कितीदाही. १३.४९ ला याल का?

---

परातभर

येते. रेघ नाही मारणार.

---

कॅम्पातला_हॉटेलवाला

११०० रुपयांच्या वर मिसळ!! तर्री फुकट म्हणताय तर ठीक आहे, पण पाव कुठला देणार ते नाही लिहिलंत. तिकडे मिळतो का आपल्यासारखा?